घास आणि धर्म

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांच्या शारदा सदनावर धर्मप्रसाराचा आक्षेप आला. तो अगदीच पोकळ होता असे मी म्हणणार नाही. पण १८९६-९७ च्या दुष्काळात या बाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी, निराधार मुली घेऊन आल्या. केडगावी त्यांना जेवू घातले, लिहावाचायला शिकविले, हाताला काम दिले. आता, घास भरविणारा हात उपाशी पोरीला देवाचाच वाटणार. म्हणजे न बोलताही उपदेश झालाच की! हा पेच मला सुटत नाही. मात्र तो पडतो, तो फराळाच्या ताटावर बसून. भाकरी कोणत्या धर्माची, हे विचारण्याइतके त्राण त्या पोरींत नव्हते.