दुःखाचा हेतु

दुःखांत सांपडलेल्या माणसाच्या तोंडून दोन प्रश्न निघतात. 'हें कशामुळें झालें?' हा एक, आणि 'हें कशासाठीं झालें?' हा दुसरा. बोलतांना आपण दोहोंनाही 'कां' हा एकच शब्द वापरतों, त्यामुळें ते एकच आहेत असा भास होतो. वस्तुतः पहिला प्रश्न मागें पाहतो. त्याला कारण हवें असतें. दुसरा पुढें पाहतो. त्याला हेतु हवा असतो. पहिल्याचें उत्तर वैद्य पुष्कळदां देऊं शकतो. दुसऱ्याचें उत्तर ख्रिस्ती श्रद्धा कसें देते, आणि तें देण्याचा अधिकार कोणाला पोंचतो, याचा विचार येथें करावयाचा आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

हा विचार मला पुस्तकांनीं सुचविलेला नाहीं. दोन वर्षांपूर्वीं माझी धाकटी बहीण दीर्घ दुखण्यानें गेली. समाचाराला आलेल्या मंडळींपैकीं एका गृहस्थांनीं माझ्या आईला सांगितलें कीं, हें सारें प्रारब्ध. मागच्या जन्मींचें देणें फिटलें असें समजावें. दुसऱ्या एका सुशिक्षित स्नेह्यांनीं सांगितलें कीं, यांत ईश्वराची कांहीं तरी योजना असेल. दोघेही सज्जन, आणि दोघांचेही डोळे ओले होते. आईनें ऐंशी ओलांडली आहे. पहिल्यांना ती म्हणाली, "मग तिनें कोणाचें काय केलें होतें, तें तरी सांगा." दुसऱ्यांना ती कांहींच बोलली नाहीं, उठून आंत गेली. पहिलें उत्तर तिला निदान भांडण्याजोगें वाटलें होतें. दुसरें तेवढेंही वाटलें नाहीं.

कर्मसिद्धान्ताची थोरवी मी नाकारीत नाहीं. जगांत कांहींच निष्कारण घडत नाहीं, ईश्वर लहरी नाहीं, प्रत्येक गोष्टीचा कोठें तरी हिशेब आहे, अशी ग्वाही त्यानें शेकडों वर्षें आपल्या समाजाला दिली. स्वतःच्या दुःखाकडे पाहतांना ती धीर देते. परंतु तीच दुसऱ्याच्या दुःखाला लावली कीं दुःखी माणूस एका क्षणांत आरोपी होऊन बसतो.

हाच प्रश्न एकदां ख्रिस्ताच्या शिष्यांनीं त्याला विचारला होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत ती कथा आहे. वाटेंत एक जन्मांध मनुष्य दिसला, तेव्हां शिष्यांना शंका आली कीं, हा आंधळा जन्मला तो स्वतःच्या पापानें कीं आईबापांच्या? ख्रिस्तानें दोन्ही पर्याय नाकारले, आणि या मनुष्याच्या ठायीं देवाचें कार्य प्रकट व्हावें असा त्या अंधत्वाला अर्थ दिला. प्रश्न मागें पाहत होता. उत्तरानें त्याचें तोंड पुढें वळविलें.

तथापि हें उत्तर एवढेंच ठेवलें तर तें कर्मसिद्धान्ताहूनही निष्ठुर ठरेल. आपलें सामर्थ्य दाखविण्यासाठीं एका माणसाला जन्मापासून अंधारांत ठेवणारा देव कोणाला वंद्य वाटेल? आई उठून गेली ती याच देवापुढून. परंतु कथा तेथें थांबत नाहीं. ख्रिस्त थुंकीनें माती भिजवितो, ती त्या आंधळ्याच्या डोळ्यांना लावतो, आणि शिलोहाच्या तळ्यावर धुण्यास पाठवितो. उत्तराचा अर्धा भाग शब्दांत आहे, आणि अर्धा त्या मातीनें भरलेल्या बोटांत. आपण उपदेशक पहिला अर्धा भाग तेवढा उचलतों, कारण त्यानें हात मळत नाहींत.

ईयोबाच्या ग्रंथांतही हेंच दिसून येतें. मुलें गेलीं, संपत्ति गेली, सर्वांगाला फोड आले, अशा स्थितींत तीन मित्र त्याच्या समाचाराला येतात आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहतात. त्यांनीं केलेलें तेवढेंच बरोबर. पुढें ते तोंड उघडतात आणि ईयोबाला त्याचा अपराध पटवूं लागतात. ग्रंथाच्या शेवटीं देवाचा कोप होतो तो या मित्रांवर. देवाशीं कडाक्यानें भांडलेला ईयोब निर्दोष ठरतो. मात्र आपलें दुःख कां आलें, हें त्याला शेवटपर्यंत कळत नाहीं. पुढें वधस्तंभावर ख्रिस्तही एका जुन्या स्तोत्राच्या शब्दांत, मला कां टाकलेंस, असें देवाला विचारतो. त्या घटकेला आकाशांतून उत्तर आल्याचें कोणत्याही शुभवर्तमानांत लिहिलेलें नाहीं.

आमच्या शेजारीं एक वृद्ध ख्रिस्ती बाई राहतात. त्यांनीं आयुष्यभर परिचारिकेचें काम केलें; त्यांचा एकुलता मुलगा तरुणपणींच गेला. बहिणीच्या मागें त्या रोज दुपारीं येत, आईजवळ बसून तिच्याबरोबर तांदूळ निवडीत, आणि दिवे लागणीला घरीं जात. एके दिवशीं मीं त्यांना विचारलें, "बाई, तुमचा धर्म याला काय उत्तर देतो?" त्या म्हणाल्या, "भाऊ, उत्तर मला ठाऊक नाहीं. पण मी ज्याच्यापाशीं जातें, त्यालाही तें मिळालें नव्हतें. म्हणून त्याच्यापाशीं जातां येतें."

हें ऐकलें तेव्हां मला पंडिता रमाबाईंची आठवण झाली. १८७४ सालीं, दुष्काळांत, त्यांचे आईवडील व थोरली बहीण अन्नावांचून गेलीं. रमाबाई तेव्हां अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. १८८० सालीं भाऊ गेला. १८८२ सालीं, विवाहाला दोन वर्षेंही झालीं नव्हतीं तोंच, पति गेले. वैद्यकी शिकावी म्हणून त्या १८८३ सालीं इंग्लंडला गेल्या, तों बहिरेपणानें ती वाट अडविली. त्याच वर्षीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां त्या तेथें गेल्या आणि शेकडों निराधार मुली व विधवा यांना घेऊन आल्या. पुणें जिल्ह्यांतील केडगांवचें मुक्तिसदन त्यांतूनच वाढलें. भूक म्हणजे काय हें त्यांना कोणी समजावून सांगावें लागलें नाहीं. त्या मुलींत त्यांना १८७४ सालची रमा दिसली असली पाहिजे.

मग पहिला दुष्काळ मुक्तिसदनासाठीं पडला होता काय? असें म्हणणें मला पाप वाटतें. त्या वर्षांत मेलेलीं माणसें कोणाच्या चरित्राची प्रस्तावना होण्यासाठीं मेलीं नाहींत. दुष्काळाला हेतु नव्हता. त्यांतून वांचलेल्या स्त्रीनें पुढें त्या दुःखाला हेतु दिला, आणि तो देण्याचें बळ आपल्याला ख्रिस्तापासून मिळालें अशी तिची साक्ष आहे. श्रद्धावान् मनुष्य याहून एक पाऊल पुढें जाईल. मनुष्याला हेतु देतां आला, कारण देवानें तें दुःख आधींच आपल्या हातीं घेतलें होतें, असें तो म्हणेल. आणि वधस्तंभानंतरच्या तिसऱ्या दिवसाकडे बोट दाखवील. तें पाऊल मला टाकतां आलेलें नाहीं. मात्र ज्यांनीं तें टाकलें त्यांच्याकडे पाहून हंसण्याचें माझें वय आणि धाडस दोन्ही सरलीं आहेत.

एक धोका मात्र सांगितला पाहिजे. 'दुःखाला हेतु असतो' हें वचन सुखवस्तु माणसाच्या तोंडीं गेलें कीं तें दुसऱ्यावरील अन्याय झांकण्याचें पांघरूण होतें; गुलामांच्या मालकांनींही तें गुलामांना ऐकविलें आहे. रमाबाईंच्या श्रद्धेनें त्यांना मुकें केलें नाहीं. १८९७ सालीं पुण्यांतील प्लेगच्या रुग्णालयांत स्त्रियांची आबाळ होते म्हणून त्यांनीं वर्तमानपत्रांतून सरकारी व्यवस्थेवर उघड टीका केली. जें दुःख दूर करतां येतें, त्याचा हेतु शोधीत बसणें ही श्रद्धा नाहीं, आळस आहे. आणि जें दूर करतां येत नाहीं, त्याचा हेतु सांगण्याचा अधिकार तें भोगणाऱ्याचा; आपला अधिकार त्याच्याजवळ बसण्यापुरता. १९२१ सालीं रमाबाईंची एकुलती कन्या मनोरमा गेली, आणि पुढल्याच वर्षीं एप्रिलांत त्या स्वतः गेल्या. त्या मधल्या महिन्यांतही बायबलाच्या मराठी भाषांतराचें काम त्यांच्यापुढें होतें. त्या दुःखाचा हेतु त्यांना कळला कीं नाहीं, हें ठरविणारा मी कोण?

आईचा प्रश्न अजून तसाच उभा आहे. "तिनें कोणाचें काय केलें होतें?" असें ती मधूनच म्हणते. पूर्वीं मी कांहीं तरी सांगूं लागत असें. आतां कॉलेजांतून आल्यावर तिच्याजवळ जाऊन बसतों. बाई आलेल्या असल्या तर तांदळाचें ताट दोघींच्या मध्यें असतें. त्या जरा सरकून मला जागा देतात.