बटण दाबण्याआधी

आज यंत्र सुरू करायचं नाही. त्याच्यासमोर बसायचं, एवढंच आजचं काम. वायर भिंतीतल्या सॉकेटमधून काढलेली आहे ना, हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्या आणि मग खुर्ची ओढा.

रेवदंड्यातलं एक कौलारू घर डोळ्यांपुढे आणा. नवरात्र उलटलंय, पाऊस सरलाय. पोर्तुगीजांच्या पडक्या तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, पलीकडे सुरूचं बन, त्यापलीकडे समुद्र. खिडकीच्या गजावरून बोट फिरवा. रंगाखाली गंजाचे फोड लागतील. इथल्या वाऱ्यात मीठ असतं, आणि चार महिने हवा ओली असते. गजांचं जे झालं ते टेबलावरच्या यंत्राचंही थोडंफार झालेलं असणार, हे आधीच धरून चाला.

यंत्र आहे बीबीसी मायक्रो. ब्रिटनच्या अ‍ॅकॉर्न कंपनीनं ते 1981 साली आणलं. 1984 मध्ये केंद्र सरकारनं शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा देशभरातल्या सुमारे 250 शाळांत हेच यंत्र गेलं. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं ते ‘युनिकॉर्न’ या नावानं काढलं. त्या काळच्या कितीतरी मुलांनी पहिला संगणक पाहिला तो हा, आणि तोही वर्गातल्या पाच-सहा जणांच्या खांद्यांवरून. त्याची मेमरी 32 किलोबाइट. सकाळी मोबाइलवर येणारा ‘सुप्रभात’चा एक फोटोसुद्धा तिच्यात सहसा मावणार नाही.

आता स्वतःच्या हाताकडे पाहा. तो बटणाकडे जाऊ पाहतोय. ‘चालतंय का बघू’ असं मन म्हणतंय. म्हणू दे. त्याला उत्तर द्यायची घाई नको.

या यंत्राच्या पॉवर सप्लायमध्ये, वीज आत येते त्या जागी, कागदाच्या थरांचे छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यावरच्या पारदर्शक, पिवळसर कवचाला वर्षानुवर्षांत केसासारख्या चिरा पडतात. चिरांतून दमट हवा आत शिरते आणि कागद ती शोषून घेतो. मग कोणीतरी हौसेनं बटण दाबतो. यंत्र सुरू होतं, घरातले गोळा होतात, आणि काही मिनिटांत आतून फट् आवाज होऊन घाण वासाचा धूर निघतो. यात यंत्राचा दोष नाही. इतकी वर्षं ओल पिऊन बसलेल्या वस्तूला आपण एकदम 230 व्होल्ट दिले. म्हणून ते कपॅसिटर आधी बदलायचे. वीज नंतर. पॉवर सप्लायच्या कामाला जाणता माणूस हवा. तो मिळेपर्यंत थांबणं हेही दुरुस्तीतच धरा.

थोडा वेळ इथेच राहा. आपल्या घरात आणखी कशाकशाला आपण असंच, न विचारता, एकदम चालू करायला जातो, ते मनात येऊ द्या. आलं की जाऊ द्या.

आता यंत्र सावकाश उलटं करा. ज्या स्क्रूंशेजारी इंग्रजीत ‘फिक्स’ असं उमटवलंय तेच काढायचे, बाकीच्यांना हात लावायचा नाही. बनवणाऱ्यानं उघडणाऱ्यासाठी ठेवलेली ती खूण आहे. हे उघडलं जाईल, दुरुस्त होईल, असं त्यानं गृहीत धरलं होतं. झाकण उचला. धूळ, एखादं कोळिष्टक, आणि सॉकेटांत बसवलेल्या चिपांच्या रांगा. तापून आणि थंड होऊन चिपा सॉकेटातून किंचित वर सरकतात, पायांवर काळपट थर धरतो. अंगावरची स्थिर वीज जाण्यासाठी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावा आणि मग एकेक चिप अंगठ्यानं समान दाबा. कधी बारीकसा ‘कट्’ ऐकू येतो. बंद पडलेली कितीतरी यंत्रं एवढ्यानंच बोलू लागतात. पुढच्या चिपेकडे जाण्याआधी एक श्वास घ्या.

आता फ्लॉपी. सव्वापाच इंची, काळ्या मऊ वेष्टनातली. ड्राइव्हमध्ये घालू नका, हातात धरा. वेष्टनाला एक लांबट खिडकी आहे, तिच्यातून तपकिरी चकती दिसते. पातळ प्लास्टिकवर लोहाच्या ऑक्साइडचा थर, इतकंच ते आहे. खिडकीत बोट घालू नका. मधल्या भोकाच्या कडेला बोट लावून चकती हळूहळू फिरवा आणि प्रकाश तिरपा पडेल असं धरा. पांढरट ठिपके किंवा वलयं दिसली तर ती बुरशी. कोकणातल्या कपाटात चामड्याच्या चपलेवर येते, तशीच इथेही येते.

आता हे नीट ध्यानात घ्या. ड्राइव्हमध्ये चकती मिनिटाला 300 वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला पाच वेळा. वाचणारं हेड तिला टेकलेलं असतं. आपण एक सावकाश श्वास घेऊन सोडेपर्यंत एकाच वर्तुळावरून ते वीसेक वेळा घासून जातं. चकती स्वच्छ असेल तर काही बिघडत नाही. बुरशी असेल तर ती हेडला चिकटते, थर खरवडला जातो, आणि तेच मळलेलं हेड पुढची चांगली फ्लॉपीही खराब करतं. ‘वाचता येत नाही’ म्हणून आपण पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, तेव्हा दर प्रयत्नाला वाचण्याजोगं थोडं कमी उरतं. म्हणून क्रम असा: आधी पाहणं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हेड पुसणं, रुळांवरचं वाळलेलं ग्रीस काढणं, मग बिनमहत्त्वाची फ्लॉपी घालून पाहणं, आणि सगळ्यात शेवटी हवी ती फ्लॉपी. तीसुद्धा कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावून, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. आणि वाचायची ती एकदाच, पूर्ण नक्कल करून घेण्यासाठी. चाळीस ट्रॅकच्या एका बाजूवर सगळे मिळून 100 किलोबाइट. पुढचं सगळं काम त्या नकलेवर.

नकलेला कमी लेखू नका. पंधराव्या शतकात रशियाचा अफनासी निकितीन याच किनाऱ्याला, चौलला उतरला. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. परतताना, गावी पोचण्याआधीच, तो वारला. त्याची टिपणं मॉस्कोला गेली आणि तिथल्या इतिवृत्तांत उतरवली गेली. त्याच्या हातच्या वह्या उरल्या नाहीत. चौल त्याच्या डोळ्यांनी आज दिसतं ते नकला करणाऱ्यांमुळे.

हे सगळं झाल्यावर, एखाद्या कोरड्या दिवशी, बटण दाबा. आवाज ऐका. आधी खालचा सूर, लगेच वरचा ‘बीप’, म्हणजे यंत्र जागं झालं. खालचा सूर तसाच लांबत राहिला, तर आत काहीतरी अडलंय. बंद करा आणि पुन्हा चिपांपाशी या. वैतागायचं कारण नाही. कुठे पाहायचं ते त्यानं सांगितलंय.

तुमच्या माळ्यावर, शाळेच्या कपाटात, जुन्या पतपेढीच्या दप्तरात अशा फ्लॉप्या असतील तर भंगारात देऊ नका, आणि उत्सुकतेपोटी हाताला लागेल त्या ड्राइव्हमध्येही घालू नका. कोरड्या डब्यात उभ्या ठेवा, स्पीकर आणि लोहचुंबकापासून लांब. वर काय लिहिलंय ते वहीत उतरवून घ्या. आणि नक्कल करून देणारा माणूस या हिवाळ्यातच शोधा. पुढच्या पावसाळ्याच्या आत.