उन्हाचं माप

चरोतरातल्या एका गावात एक म्हातारा शेतकरी राहत होता. चार बिघे गहू, एक बोअर आणि गोठ्यात दोन म्हशी, एवढा त्याचा संसार. शेतात वीज नव्हती. जन्मभर तो डिझेल इंजिनावर पाणी काढत आला होता. हँडल मारून मारून उजवा खांदा कायमचा धरला होता, आणि सदरा कितीही धुतला तरी डिझेलचा वास जात नव्हता.

डिझेल महाग, म्हणून पाणी बेतानं. वाफा भरला की इंजिन बंद. शेजाऱ्याला पाणी द्यायचं तर तासावर पैसे.

मग गावात पाण्याचा अभ्यास करणारी माणसं आली. म्हणाली, सहा जणांची सहकारी मंडळी करा, ज्याच्या त्याच्या शेतात सौर पंप बसवू. थोडे पैसे तुमचे, बाकीचे आमचे. मंडळी गावाला नवी नव्हती. सकाळ-संध्याकाळ सगळे दूध घालायला मंडळीतच जात. म्हाताऱ्यानं आपला वाटा भरला आणि बांधालगत पॅनेल उभी राहिली.

वीज कंपनीची तार यायला अजून अवकाश होता. तोवर पंप नुसत्या उन्हावर चाले. म्हातारा सकाळी बटण दाबून घरी येई, ते दिवस कलल्यावरच शेतात जाई. गव्हात पाणी तुंबलं. मग बांध फुटला आणि पाणी गाडीवाटेत आलं.

शेजारी म्हणाला, "काका, बंद करा की पंप. बैल रुतायला लागलेत."

"करतो रे. उन्हाला काय बिल येतंय?"

महिन्या-दोन महिन्यांनी तार आली. पंप बंद असेल तेव्हा पॅनेलची वीज तारेत जाणार, मीटर ती मोजणार, कंपनी मंडळीला पैसे देणार आणि मंडळी ते ज्याच्या त्याच्या मीटरप्रमाणे वाटणार. म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं बटण दाबलं.

पहिलं वाटप झालं तेव्हा सहा जणांत त्याची रक्कम सगळ्यांत कमी निघाली. पॅनेल तेवढीच, ऊनही तेच. तो तणतणत घरी आला. "माझ्या मीटरमध्ये गडबड आहे."

सून धार काढून उठत होती. दुधाचा हिशेब तीच ठेवायची. कोणत्या वेळेला किती लिटर, फॅट किती लागलं, सगळं तिला तोंडपाठ. ती म्हणाली, "बापूजी, उद्या दुपारी मी येते शेतावर."

दुसऱ्या दिवशी तिनं मीटरचा आकडा दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिला. पंप चालू होता. तासाभरानं पाहिलं, आकडा जागचा हलला नव्हता. मग तिनं पंप बंद केला आणि दोघं लिंबाखाली बसली. म्हाताऱ्याला डुलकी लागली. दोन तासांनी तिनं त्याला उठवून मीटरपाशी नेलं. आकडा बारांनी पुढे गेला होता.

"बारा युनिट. साडेपंचावन्न रुपये झाले, बापूजी."

म्हातारा वळून गव्हाकडे बघत राहिला. घोट्याएवढं पाणी, आणि पाती पिवळी पडलेली.

"म्हणजे इतके दिवस मी दूध मोरीत ओतत होतो," तो म्हणाला.

त्यानंतर तो आधी ढेकूळ उचली, मुठीत दाबून बघी. ओल असली तर पंपाला हात लावत नसे. शेजाऱ्याला मात्र तो पाणी देत राहिला, आणि तेही डिझेलच्या दिवसांपेक्षा स्वस्तात.

हा म्हातारा आणि त्याची सून गोष्टीतली. अशी मंडळी मात्र खरोखर आहे. खेडा जिल्ह्यातल्या ढुंढी गावात 2016 साली सहा शेतकऱ्यांनी ती उभी केली. वीज कंपनीशी 4 रुपये 63 पैसे युनिट दरानं 25 वर्षांचा करार केला आणि सवलतीची वीजजोडणी मागण्याचा हक्क तेवढ्या वर्षांसाठी सोडून दिला. 1946 साली दुधाचा सहकारी संघ उभारणारा जिल्हाही हाच. फुकटच्या उन्हावर पंप दिवसभर चालले तर जमिनीखालचं पाणी आटेल, ही अभ्यासकांची धास्ती खोटी नव्हती. नियम करून ते थांबलं नसतं. भर दुपारी बांधावर बघायला येतो कोण? बाहेरच्या एखाद्या धनिकानं जमीन भाड्यानं घेऊन हीच पॅनेल लावली असती, तर वीज तेवढीच झाली असती. पण पंप बंद करण्यात शेतकऱ्याचं काही राहिलं नसतं.

पुढे ढुंढीच्या मंडळीत आणखी तिघे आले. पहिल्या सहांपेक्षा त्यांना खिशातून बरेच जास्त पैसे घालावे लागले. तरी आले.