वर गेलेला गोटा

जमिनीवर बसा. एक पाय मुडपून, एक गुडघा उभा ठेवून. फरशी गार आहे. गार लागू द्या.

पुढ्यात पाच सागरगोटे आहेत. पलीकडे ताई बसली आहे. तिला घाई नाही.

अजून हात लावू नका. नुसतं बघा.

राखाडी रंग. डोळे थोडे रेंगाळले की बारीक रेघा दिसू लागतात, एकीच्या भोवती दुसरी.

आता एक उचला. तळहातावर राहू द्या. दिसायला दगड, वजनाला हलका. कानाशी नेऊन हलवा. कधी कधी आतला गर वाजतो.

ऐका.

काटेरी वेलीवर, काटेरीच शेंगेत हा पिकला. किनाऱ्यालगतच्या वेलींच्या अशाच बिया समुद्रात पडतात आणि बुडत नाहीत. कवच पाण्याला आत येऊ देत नाही. महिनोन्‌महिने लाटांवर राहून त्या कुठल्या तरी परक्या वाळूत रुजतात.

श्वास घ्या. सोडा.

(मुलं हाच गोटा फरशीवर घासून शेजारच्याच्या दंडाला चटका देतात. तेवढा मोह आवरा.)

चार गोटे हलकेच जमिनीवर टाका. दोन एकमेकांना चिकटून थांबलेत. असू द्यात.

पाचवा वर उडवा.

नजर त्याच्यासोबत जाते. हात खाली येतो, एक टिपतो, वळतो, वरचा झेलतो. सगळं एकाच हाताने. दुसरा मांडीवर निवांत.

पुन्हा उडवा. या वेळी त्याच्याबरोबर अगदी वरपर्यंत जा.

गोटा चढतो, चढतो. मग चढायचा थांबतो, आणि अजून उतरू लागलेला नाही.

तिथे राहा.

जिंकण्या-हरण्यापेक्षा मला या खेळातली हीच जागा आवडते. मंगळागौर जागवताना बायका गप्पांच्या नादात हा खेळतात. तोंड चालू असतं, पण गोटा वर गेला की एखादा शब्द अर्ध्यावर अडतो.

पुन्हा उडवा. पुन्हा तिथे राहा.

आता ते दोन, चिकटलेले. त्यांतला एकच उचलायचा. शेजारचा हलता कामा नये.

बोटं आपोआप हळू होतात. श्वास अडतो. अडवू नका, सोडा.

उडवा.

नखाला फरशी लागते. टिक.

शेजारचा हलला. जरासाच. तुम्हाला दिसलं, ताईलाही दिसलं.

पाचही गोटे तिच्याकडे सरकवा. आता तिचा डाव.