मागची सीट

नोव्हेंबर २०२१. एसटीचा संप सुरू होऊन दोनेक आठवडे झाले होते. आमच्या तळेगाव (श्यामजी पंत)चं आगार लाल गाड्यांनी गच्च भरलेलं आणि माणसांनी रिकामं. नागपूर-अमरावती हायवेवर आर्वीचा रस्ता जिथे फुटतो तिथे सकाळपासून माणसं उभी असायची. काळीपिवळी मिळाली तर ठीक, नाहीतर येईल त्या गाडीला हात.

मी आर्वीला निघालो होतो. एका म्हाताऱ्या काकांनी हात दाखवला. काखेत एक्स-रेचा मोठा पिवळा लिफाफा.

‘‘आर्वीले चाल्ला का बाबू?’’

‘‘हो काका.’’

‘‘मंग सोडून दे न मले.’’

माझ्या उत्तराची वाट न पाहता ते मागे गेले, बसायला हात टेकवला, तर हाताला टायर लागला. थोडं हसून म्हणाले, ‘‘बसाले जागाच नाही ठेवली बाप्पा तुनं.’’

मग ते पुढच्या गाडीला हात करायला वळले. तक्रार नव्हती त्यात. पण ते ‘जागा नाही’ असं म्हणाले नव्हते, ‘जागा नाही ठेवली’ म्हणाले होते. आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. पाच महिन्यांपूर्वी ती जागा मीच ग्राइंडरने कापून काढली होती.

गाडी सेकंडहँड अव्हेंजर २२०. बजाजने कावासाकीसोबत २००१ मध्ये एलिमिनेटर आणली होती, तिचीच ही पुढची, स्वस्त पिढी. बुलेट परवडत नाही पण पाय पुढे पसरून, पाठ मोकळी टाकून चालवायचं आहे, अशा पोरांची क्रूझर. वर्क फ्रॉम होम चालू होतं, मी गावी होतो, पगार येत होता आणि खर्चायला जागा नव्हती. ठरवलं, हिची बॉबर करायची.

बॉबर म्हणजे जे नको ते काढून टाकलेली गाडी. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत पोरं जड मोटरसायकलींचे पुढचे मडगार्ड काढायची, मागचे आखूड कापायची, वजन कमी करून पळवायची. पुढे त्यातूनच चॉपर आली, लांब फोर्कवाली, ‘ईझी रायडर’मध्ये दिसते तशी. ही सगळी परंपरा जोडण्यापेक्षा कापण्याची आहे, आणि मला ती फार आवडते. ऑफिसात मी जे लिहितो त्यावर नऊ जणांचे हात फिरतात, सहा महिन्यांनी ते कोणाचं होतं हे सांगता येत नाही. इथे मात्र हँडल दोन इंच मागे घ्यायचं की तीन, हे मी ठरवणार होतो. वेल्डिंगच्या दुकानात पत्र्याच्या शेडखाली मी चाळीसेक संध्याकाळी तरी बसलो असेन. टाकी घासली, पुट्टी भरली, तीन वेळा रंग बदलला. मागच्या फ्रेमच्या पहिल्या जोडाला दोन महिन्यांत केसाएवढी चीर पडली, तेव्हा पोटात गोळा आला होता. (फ्रेम कापायच्या भानगडीत पडू नका. मी पडलो, नशिबाने वाचलो.) पण तयार झाल्यावर पहिल्यांदा पहाटे सत्याग्रही घाटातून गाडी खाली सोडली, इंजिनची थरथर मांड्यांत, संत्र्याच्या बागांचा ओला वास, मागे कोणी नाही. तो आनंद खरा होता. त्याची मी आजही माफी मागणार नाही.

पहिला धक्का घरीच बसला होता. आईने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, ‘‘मंग मी कुठी बसू?’’ मी म्हणालो, तुझ्यासाठी बाबांची आहे न. ती काही बोलली नाही. साडी गार्ड मी सगळ्यात आधी काढला होता, हे मला तेव्हाच आठवलं. देशाबाहेरच्या कुठल्या बॉबरला तो नसतो. आपल्याकडे मागच्या चाकात पदर अडकू नये म्हणून नियमातच मागचं चाक किमान अर्धं झाकायला सांगितलंय. म्हणजे कायदा करणाऱ्याच्या डोळ्यासमोर मागे बसलेली कोणीतरी बाई होती. माझ्या डोळ्यासमोर नव्हती.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या नोंदीपेक्षा वेगळी गाडी करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच बजावलं. दर बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. माझं सुखावलेलं मन म्हणायचं, माझी गाडी, माझे पैसे, तुम्हाला काय? पण ‘माझी’ हा शब्दच नीट तपासायला हवा होता.

‘मिलिंदप्रश्ना’त राजा मिलिंद रथातून येतो, आणि भिक्षू नागसेन त्याला विचारतो, आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू? नाही. मग या सगळ्यांहून वेगळा कुठे रथ आहे का? तेही नाही. सुटे भाग एकत्र आले की लोक त्याला व्यवहारात रथ म्हणतात, एवढंच. हँडल, सायलेन्सर, सीट, मडगार्ड सगळं बदलल्यावर ती अजून अव्हेंजर आहे का, यावर आम्ही मित्रांनी टपरीवर तास घालवलेत, आणि उत्तर म्हणून चॅसिस नंबर दाखवलाय. पण नागसेनाच्या उत्तरात मला दुसरंच सापडलं. नाव जर लोकांच्या व्यवहारावर टिकलेलं असेल, तर आमच्या तळेगावच्या व्यवहारात ‘गाडी’ म्हणजे काय? जिच्यावर दोघं बसतात, वेळ पडली तर तिघं, पुढे टाकीवर पोरगं आणि मागे खताचं पोतं. ‘गाडी आहे का?’ याचा आमच्याकडचा अर्थ ‘मला सोडशील का?’ असा असतो. त्या हिशेबाने मी गाडीची बॉबर केलीच नव्हती. गाडीची गाडी नसलेली वस्तू केली होती.

आणि ‘मी केली’ हेही अर्धवटच. ‘ईझी रायडर’ १९६९चा. त्यातल्या त्या झेंड्याच्या रंगाच्या चॉपरचं पोस्टर जगभर पोरांच्या खोल्यांत लागलं. ती घडवण्यात बेन हार्डी आणि क्लिफ वॉज या दोन कृष्णवर्णीय माणसांचा मोठा हात होता, पण सिनेमाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं नव्हती. मी इन्स्टाग्रामवर फोटो टाकला तेव्हा खाली ‘माय बिल्ड’ लिहिलं होतं. जोड मारणाऱ्याच्या हातावरचे ठिणग्यांचे डाग मी रोज पाहत होतो.

आता उलट बाजू. ती कमजोर नाही. त्या दिवशी फाट्यावरून किमान वीस कार गेल्या, चार-चार सीट रिकाम्या, काचा वर. त्यांच्यापैकी कोणाला झोप लागली नसेल असं वाटत नाही. मग अपराधीपणा माझ्याच वाट्याला का? शिवाय अनोळखी माणसाला लिफ्ट देणं हे कोणाचं कर्तव्य नाही. पुण्यातली एक सहकारी क्रूझर चालवते. ती म्हणाली, ‘‘सिंगल सीट ही माझ्या गाडीची सगळ्यात भारी गोष्ट आहे. कोणी ‘बसू का’ विचारतच नाही.’’ तिच्यासाठी ती न ठेवलेली जागा म्हणजे संरक्षण आहे, आणि मला ते पूर्ण पटतं.

पण तिचं कारण माझं कारण नाही. कारवाला दरवेळी नाही म्हणतो. आज म्हणाला, उद्या कदाचित थांबेल, एखाद्या दिवशी पाऊस बघून काच खाली करेल. त्याचा नकार चालू-बंद होऊ शकतो. मी नकार वेल्ड करून टाकला होता. कोडमध्ये फीचर बंद ठेवणं वेगळं आणि ते डिलीट करणं वेगळं. पाच महिन्यांपूर्वी, कोणाचाही चेहरा समोर नसताना, मी पुढच्या सगळ्या माणसांना एकदाच नाही म्हणून मोकळा झालो होतो. मोहात पडू नये म्हणून माणूस स्वतःला बांधून घेतो हे ऐकलं होतं. मी स्वतःला चांगुलपणापासून बांधून घेतलं होतं, आणि त्याला स्वातंत्र्य म्हणत होतो.

कापण्यातच खोट आहे असं मात्र मला म्हणायचं नाही. आमच्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे, म्हणून गांधींना यंत्रांचा शत्रू ठरवायची सवय आम्हाला लहानपणापासून. प्रत्यक्षात १९२९ मध्ये त्यांच्या चरखा संघाने चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी वाचल्या तर एखाद्या कडक क्लायंटचा ईमेल वाटतो: किंमत दीडशेच्या आत, वीस वर्षं चालला पाहिजे, बाईला आठ तास फार न थकता चालवता आला पाहिजे. आणि येरवडा तुरुंगात त्यांनी जो पेटीचरखा घडवला, ते तर उघडउघड कस्टमायझेशन. घडी घालून काखेत मारता येईल असा. तिथेही काटछाट आहे, पण ती केल्यावर चरखा आणखी माणसांच्या हातात जातो. माझ्या काटछाटीने गाडी एका माणसापुरती उरली.

गंमत म्हणजे आता कंपन्याच बॉबर विकतात. रॉयल एनफिल्डने २०२४ मध्ये गोव्याच्या नावाने गोअन क्लासिक काढली. तिची मागची सीट काढता-लावता येते. फोटो पाहून मी जरा चिडलो, कारण तोवर तेच मी दोन वर्षांपूर्वी करून बसलो होतो.

संप एप्रिल २०२२ मध्ये मिटला. त्याआधीच मी परत त्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. कारागीर हसला, ‘‘कापाचेबी पैसे घेतले, जोडाचेबी घेतो.’’ चार बोल्टवर बसणारी छोटी सीट, खाली ब्रॅकेट, दोन फुटरेस्ट, एक साडी गार्ड. सुंदर दिसत नाही. मागून गाडी कुबड आल्यासारखी वाटते, खरं सांगतो.

बसवायला दहा मिनिटं लागतात. बहुतेक दिवस ती घरी कपाटावर पडलेली असते, कारण घाटात एकट्याने जायचं सुख मला अजून सोडवत नाही. मंगळवारी ती लागते, आईला आर्वीच्या बाजाराला जायचं असतं. जास्तीचं हेल्मेट तिने स्वतः निवडलंय, गर्द जांभळं. परतताना फाट्यावर कोणी हात केला तर माझी मागची सीट भरलेली असते, आणि आई मागून म्हणते, ‘‘थांब न, मी उतरतो, त्याईले सोडून ये आधी.’’ एकदा ती खरंच उतरली.