अप्रत्यक्ष कथनातील ‘मी’

शालेय इंग्रजी व्याकरणाच्या नियमानुसार प्रत्यक्ष कथन अप्रत्यक्ष करताना अवतरणचिन्हे गळतात, ‘मी’चा ‘तो’ होतो, वर्तमानाचा भूतकाळ होतो. मराठीची प्रकृती निराळी आहे. ‘तो म्हणाला, की मी उद्या येईन’ या वाक्यातील ‘मी’ मूळ वक्त्याचाच असू शकतो.

हा भेद केवळ व्याकरणिक नव्हे. १९४३ ते १९४६ या काळात तत्कालीन सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगली परिसरात, नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगावी न्यायदान केले. तेथील एखादा शेतकरी ‘आम्ही इंग्रजांचा हुकूम मानत नाही’ असे म्हणाला, अशी कल्पना केली, तर इंग्रजी इतिवृत्तात ‘ते हुकूम मानत नव्हते’ एवढेच उतरेल. नकार टिकतो, त्याचा वर्तमान हिरावला जातो.

तथापि, अवतरणचिन्हे ही प्रामाणिकपणाची हमी नव्हे. त्यांच्या आडून निवेदक स्वतःचे शब्द दुसऱ्याच्या तोंडी घालू शकतो. अप्रत्यक्ष कथन निदान मध्यस्थाचे अस्तित्व लपवीत नाही. मराठीतील तो ‘मी’ मात्र संदिग्ध राहतो: येणारा कोण, वक्ता की निवेदक? या संदिग्धतेतच नैतिक सूचन आहे. दुसऱ्याचा ‘मी’ उच्चारणारा क्षणभर त्याच्या जागी उभा राहतो, आणि त्या जागेचे उत्तरदायित्व त्याला टाळता येत नाही.