मेणाचा उजेड, विजेचा उजेड

डिसेंबरात स्टॉकहोमला जेमतेम सहा तास सूर्यप्रकाश मिळतो. तिथल्या जुन्या घरात ऊब आणि उजेड दोन्ही एकाच उघड्या आगीतून येत. अठराव्या शतकात ही जोडी फुटली. सरपणाची टंचाई भासू लागली, तेव्हा सरकारने लाकूड वाचवणारी भट्टी शोधण्याचे काम कार्ल योहान क्रूनस्टेट आणि फाबियान व्रेडे यांच्यावर सोपवले. 1767 साली त्यांनी जिची रचना मांडली, ती चकचकीत फरश्यांनी मढवलेली उंच भट्टी म्हणजे 'काकेलुंग्न'. तिच्यात धूर थेट धुराड्यात जात नाही. विटांच्या उभ्या मार्गांतून वर-खाली फिरतो आणि उष्णता विटांना देऊन मगच बाहेर पडतो. थोडा वेळ जाळ केला की पुढे कितीतरी तास खोली उबदार राहते. ज्वाला मात्र दारांआड गेली. डोळ्यांसमोर उरली ती मेणबत्ती.

विसाव्या शतकात तीही बदलली. गोथेनबर्गच्या ऑस्कर अँडरसन यांनी 1934 साली सात दिव्यांची विजेची दिवटी केली. आज नाताळपूर्व आगमनकाळात ती स्वीडनमध्ये खिडकीखिडकीत दिसते; चर्चकडे वर्षभर न फिरकणाऱ्यांच्या घरीही. मग प्रश्न पडतो: जे जळत नाही, झिजत नाही, ते धर्मचिन्ह होऊ शकते का?

ल्यूथरपंथीय उत्तर सोपे आहे. मेणबत्ती लावणे ही ना विहित ना निषिद्ध अशी बाब. तारण श्रद्धेने मिळते, मेणाने नव्हे. त्यामुळे बल्बलाही हरकत नाही. तत्त्वज्ञांना मात्र हे इतके सोपे वाटत नाही. फ्रेंच विचारवंत गास्तों बाशलार यांनी 1961 साली मेणबत्तीच्या ज्योतीवर अख्खे पुस्तक लिहिले; बटण दाबून मिळणाऱ्या दिव्याशी माणसाचे तसे मैत्र जुळत नाही, असा त्यांचा सूर आहे.

खरा फरक काळाचा आहे. आगमनकाळाच्या चार मेणबत्त्यांपैकी पहिल्या रविवारी एक पेटते, दुसऱ्या रविवारी दोन. नाताळ येईपर्यंत चौघींची उंची पायऱ्यांसारखी उतरती होते. प्रतीक्षा किती झाली ते मेणच सांगते. विजेच्या दिवटीलाही पायऱ्या असतात, पण त्या सुताराने आधीच करून ठेवलेल्या. सातही दिवे पहिल्याच संध्याकाळी लागतात. वाट पाहणे तिथे उरत नाही.

तरी तिने एक नवी गोष्ट दिली, आणि ती कमी मोलाची नाही. चुलीची आग घरच्यांना आत, आपल्याभोवती ओढत असे. खिडकीतला दिवा बाहेरच्या काळोखातून चालणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतो. पडद्याला आग लागायची भीती नसल्यामुळेच तो खिडकीत रात्रभर राहू शकतो.

13 डिसेंबरला, संत लुसियाच्या सणाला निघणाऱ्या मिरवणुकीत दोन्ही उजेड भेटतात. लहान मुलींच्या मुकुटात बहुधा बॅटरीचे दिवे असतात. पुढे चालणाऱ्या, लुसिया झालेल्या मुलीच्या डोक्यावर मात्र काही ठिकाणी अजून खऱ्या मेणबत्त्या असतात आणि केसांवर ओले फडके. ज्योत विझू नये, मेण सांडू नये म्हणून ती जपून, सावकाश चालते. बॅटरीवाल्याही तिच्याच चालीने चालतात.